पाणी भरून राहिलं

बेसा रोडवरच्या माझ्या घराला खाली एक शटर आहे. त्यात रुपराव वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मी निवृत्त माणूस, मराठीचा मास्तर. सकाळी वर्तमानपत्र घेऊन त्याच्या दुकानात बसायचं, त्याच्या बायकोनं, म्हणजे गोपिकानं, थर्मासमध्ये दिलेला चहा अर्धा आपण प्यायचा आणि त्याचं काम चालू असताना त्याला बोलून बोलून हैराण करायचं, हा माझा सहा वर्षांचा नेम. लोक मला तापट म्हणतात. असेन. पस्तीस वर्षं आठवी-नववीची पोरं हाकली की कोणाचंही डोकं तापतं.

रुपराव माझ्या अगदी उलट. कळमेश्वरजवळच्या खेड्यातला, घरी अजून शेती, दोघं भाऊ ती करतात. हा तिसरा. कळमेश्वरच्या एका कारखान्यात बारा वर्षं होता. तिथलं काम सुटल्यावर मशीनची दुरुस्ती शिकला. पंचेचाळिशीचा असेल, अंगानं बारीक, बोलायला हळू. गिऱ्हाइकाच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर इतक्या सरळ लावतो की मला त्याचा रागच येतो.

त्याच्या टेबलावर एक जुना सेन्सर पडलेला असतो. पुरीएवढी गोल प्लास्टिकची डबी, तिला एक छोटंसं तोंड. मशीनमध्ये पाणी किती भरलं हे मशीनला हीच डबी सांगते. टबच्या बुडापासून एक रबरी नळी वर या डबीपर्यंत येते. पाणी चढलं की नळीतली हवा दबते, हवा डबीतला पडदा दाबते, आणि डबी सांगते, बस, आता पाणी बंद. जुन्या डबीच्या तोंडात फुंकर मारली की आत टक् वाजतं. नव्या मुक्या असतात, त्यांचं काय ते परस्पर बोर्डाशी. हे सगळं ज्ञान मला रुपरावनं दिलेलं आहे, मी काही मशीनला हात लावत नाही.

त्याची कामाची एक रीत होती. सेन्सर बदलायचा तर नळीचं टोक दोन बोटं कापायचं. वर्षानुवर्षं एका जागी बसून ते टोक कडक आणि सैल झालेलं असतं. कापलं की खाली ताजं, मऊ रबर मिळतं. ते नव्या डबीवर दाबून बसवायचं, वरून स्टीलची क्लिप लावायची. मग मशीन पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पिळण्यापर्यंत पूर्ण चालवायचं आणि तोवर तिथून हलायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "झालं ना, जा आता." हा म्हणायचा, "पिळू द्या एकडाव. मशीन हालते तवाच समजते." मला ही रीत फार आवडायची. मीही वही तपासताना शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करत नसे.

दिवाळीनंतर त्यानं एकाएकी बोलणं सोडलं. आधीच कमी बोलणारा, आता तेही नाही. चहा ओतून द्यायचा आणि स्वतःचा पेला तसाच थंड होऊ द्यायचा. दिवसभर ती जुनी डबी तोंडाला लावून फुंकायचा. टक्. थोडं थांबायचा. टक्. आठवडाभर मी सहन केलं. मग एका सकाळी मी पेपर घडी करून टेबलावर आपटला.

"रुपराव, ते वाजवणं बंद कर, नाही तर काय झालं ते सांग."

त्यानं डबी खाली ठेवली. "सर, माह्या हातून एका बाईचं नाव खराब झालं," तो म्हणाला. आणि मग जे सांगितलं ते असं.

मनीषनगरच्या अलीकडे एक नवी इमारत आहे. तिथे चौथ्या मजल्यावर वेदिका नावाच्या मॅडम राहतात. पुण्याच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून तीन महिन्यांपूर्वी इथे आलेल्या, स्वतःचं ऑफिस घरूनच लॅपटॉपवर चालवतात. त्यांच्या मशीननं अर्धवट पाणी घेऊन थांबायचं सुरू केलं होतं. रुपराव गेला. आधी नळाकडचा वॉल्व्ह पाहिला, तो बरा होता. मग वरचं झाकण उघडून नळी डबीपासून सोडवली आणि तिच्यात फुंकर मारली. टबात बुडबुड आवाज आला, म्हणजे नळी मोकळी. मग मीटर लावून डबी तपासली. दोष डबीत सापडला. नवी डबी बॅगेत होती, ती बसवायला पाच मिनिटं लागणार होती.

तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा तिसरा फोन आला. त्याचं मशीन कपडे आत घेऊन अडकलेलं, आणि तो फोनवर ओरडत होता. रुपरावनं एका खांद्यावर फोन धरून दुसऱ्या हातानं नळी बसवली. टोक कापलं नाही. क्लिप हातातून सुटली आणि टब आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून खाली गेली. ती काढायची तर मशीन आडवं करावं लागलं असतं. बॅगेत दुसरी क्लिप होती, पण बॅग दाराशी.

"म्या मनात म्हटलं, एवढ्यानं काय होते. उद्या येऊन लावून देईन." रुपराव माझ्याकडे न बघता बोलत होता. "पाणी सोडून पाह्यलं, बरोबर थांबलं. पिळणं नाही पाह्यलं सर. झाकण लावलं अन् निघालो."

तो उद्या उगवलाच नाही. अकरा दिवस ती क्लिप बॅगेतच होती.

त्या घरी प्रयागबाई कामाला होती. बेसा गावठाणातली, पन्नाशीची. त्याच इमारतीत तिची चार घरं होती. वाचता येत नव्हतं, पण मशीनची सगळी बटणं चित्रांवरून पाठ केलेली. कोणत्या कपड्याला कोणतं बटण, हे मालकिणींनीच तिला विचारावं, अशी तिची ख्याती. मॅडमनी तिला एकच ताकीद दिलेली होती, मशीन चालू असताना मध्येच बटणाला किंवा नळाला हात लावायचा नाही, आधी मला सांगायचं.

बाराव्या दिवशी प्रयागबाईनं चादरी लावल्या. अकरा दिवसांच्या हादऱ्यांनी ती नळी डबीवरून निसटलेली होती. टबात पाणी चढत होतं, पण डबीला कोण सांगणार? बाईला पाणी नेहमीच्या खुणेच्या वर गेलेलं दिसलं. ती हॉलमध्ये गेली. मॅडम कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होत्या.

"ताई, मशीनमंदी पाणी भरून राहिलं."

मॅडमनी एका कानातला हेडफोन काढला, ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं, राहू दे."

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट बाईच्या तीन शब्दांत आहे. आपल्या नागपूरकडे 'पाणी भरून राहिलं' म्हणजे पाणी भरत आहे, अजून भरतच आहे. 'मी जेवून राहिलो' म्हणजे माझं जेवण चालू आहे. पुण्याच्या कानाला ते कसं ऐकू येतं? पाणी भरलं, आणि आता भरलेलं राहिलं आहे. म्हणजे काम फत्ते. मॅडमना वाटलं, बाई मशीन भरल्याची वर्दी देते आहे. म्हणून त्या म्हणाल्या, राहू दे. बाईला वाटलं, ताईंनी ऐकलं, त्यांना माहीत आहे, हात लावू नको म्हणतात. सांगितल्याप्रमाणे हात न लावता ती गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला वर गेली.

ती खाली आली तेव्हा मशीन ठेवलेल्या बाल्कनीतली मोरी तेवढं पाणी ओढू शकली नव्हती आणि ते हॉलमध्ये पोहोचलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर मॅडमच्या आईची हार्मोनियम होती. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. पेटीचा तळ भिजून फुगला होता.

रुपरावला बोलावणं गेलं. त्यानं झाकण उघडलं आणि पाहिलं, नळी लोंबत होती. मॅडमकडे पाठ करून त्यानं बॅगेतली क्लिप काढली, टोक कापलं, नळी बसवली. मिनिटभराचं काम. मॅडम मागे उभ्या होत्या, डोळे रडून लाल झालेले.

"काय झालं होतं? बाईंनी चुकीचं बटण दाबलं का?"

"सर, मॅडमनंच मले उत्तर हातात देल्लं," रुपराव म्हणाला. "म्या म्हटलं, होते मॅडम कधी कधी, हाताळण्यात फरक पडते."

फडकं पिळता पिळता प्रयागबाई उठून उभी राहिली. "ताई, म्या तं तुमाले सांगतलं होतं नं, पाणी भरून राहिलं म्हणून!"

"तेच म्हणतेय मी," मॅडम म्हणाल्या. "भरून राहिलंय असं तुम्ही सांगितलंत. भरलंय म्हटल्यावर मी कशाला उठू? वाहतंय, थांबत नाहीये, असं सांगायला काय झालं होतं?"

प्रयागबाईला प्रश्नच कळला नाही. तेच तर तिनं सांगितलं होतं. तिनं रुपरावकडे पाहिलं. त्या घरात त्या क्षणी दोन्ही मराठी कळणारा एकच माणूस होता, आणि तो मशीनच्या झाकणाचे स्क्रू आवळत होता. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न आला असता, मग मशीन का थांबलं नाही? म्हणून तो खाली पाहत राहिला, आणि चारच्या चार स्क्रू पुन्हा एकदा आवळले.

प्रयागबाईचं ते घर सुटलं. मॅडमनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की प्रयागबाईंच्या हाती मशीन देऊ नका, त्यांना ते झेपत नाही. आठवड्याभरात उरलेली तीनही घरं सुटली. हे रुपरावला दुसऱ्या एका मशीनवर काम करताना त्याच इमारतीत कळलं. त्या घरच्या बाईनं मोठ्या कौतुकानं त्याला सांगितलं, बरं झालं तुम्ही त्या वेळी नेमकं कारण शोधून काढलंत.

ऐकून मला इतका राग आला की मी उभाच राहिलो. "अरे, मग इतके दिवस काय करत होतास? डब्या फुंकत होतास?"

"तुम्ही जा नं सर त्यायच्याकडे," तो म्हणाला. "तुमचं मराठी त्यायले समजते. मले बोलता नाही येणार तसं."

खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं. शुद्ध भाषेत समजावून सांगायचं काम, ते माझंच. आणि मग एकदम मनात आलं की पस्तीस वर्षं मी हेच केलं. 'आई स्वयंपाक करून राहिली' असं कुणी लिहिलं की लाल गोल करायचा, अर्धा गुण कापायचा आणि वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचं. पोरं हसायची. त्या वाक्यात चूक काय होती, हे मला आज कुणी विचारलं तर माझ्याकडे 'पुस्तकात तसं नाही' याहून दुसरं उत्तर नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो.

"मी येतो," मी म्हणालो. "पण बोलायचं तू. आणि तुझ्याच बोलीत बोलायचं."

त्याच दिवशी आम्ही गेलो. चपला दाराबाहेर सरळ लावल्या. मॅडमनी बसायला सांगितलं, पण रुपराव बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं, क्लिप पडली ते, टोक कापलं नाही ते, पिळणं पाहिलं नाही ते. "प्रयागबाईनं काहीच नाही केलं मॅडम. नळी माह्यामुळं निघाली. अन् ते पाणी भरून राहिलं म्हणे, तं त्याचा अर्थ आमच्याकडं भरत आहे असा होते. तिनं तुमाले बरोबर सांगतलं होतं. मले तवाच समजलं होतं. म्या बोललो नाही."

मला वाटलं वेदिका मॅडम आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "भरून राहिलं. भरून राहिलं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच असा अर्थ होतो?"

"होतो," मी म्हणालो. "शेकडो वर्षं होतो."

"मी त्यांना काय काय बोलले," त्या म्हणाल्या आणि तोंडावर हात धरला. मग उठून फोन घेतला आणि आमच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं की चूक प्रयागबाईंची नव्हती, त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, मला समजलं नाही. लिहून झाल्यावर रुपरावला एवढंच विचारलं, "तुमचं नाव लिहू?"

"लिहा," रुपराव म्हणाला. त्यांनी लिहिलं. जाताना म्हणाल्या, प्रयागबाईंना सांगा, मी स्वतः येऊन माफी मागणार आहे, पण त्यांनी परत यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेसा गावठाणात प्रयागबाईच्या घरी गेलो. नळ आलेला होता. दारात निळा ड्रम, त्यात पाइप सोडलेला, आणि ती ड्रमजवळ उकिडवी बसून भांडी घासत होती. आता ती दूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर पोळ्या लाटायला जाते, पहाटे निघून एक वाजता परत येते. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून सापडली. मला तिनं खुर्ची दिली. रुपराव पायरीवर बसला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. कालच्यापेक्षा आज त्याला जास्त वेळ लागला.

प्रयागबाई ऐकत होती. हात भांड्यावर फिरत होते, मग थांबले.

"म्हणजे म्या बरोबर बोलली होती?"

"बरोबर बोलल्या होत्या तुम्ही."

"मंग मॅडमचा काय दोष," ती म्हणाली. "तिले आपली बोली समजत नाही, ते परक्या गावची. पण भाऊ, तुम्ही तं आपल्याकडचे. म्या तुमच्याकडं पाह्यलं होतं तवा. तुम्ही काहीच नाही बोलले. तं मले वाटलं, माह्यंच चुकलं असंन. घरी येऊन दहा खेपा बोलून पाह्यलं म्या, का नेमकं काय सांगतलं बाप्पा आपण ताईले. मले वाटे, आपल्याले बोलताच येत नाही."

रुपरावनं तोंड वर केलं नाही. "माफ करा बाई," तो म्हणाला. ते त्यानं दोनदा म्हटलं. मॅडमचा निरोप त्यानं सांगायचा होता, तो मीच सांगितला. प्रयागबाई म्हणाली, पाहीन. ती रागावलेली नव्हती. भांडण केलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर आम्ही दोघं काहीतरी देऊन-घेऊन मोकळे झालो असतो.

आतून तिच्या मुलीचा आवाज आला. कामिनी तिचं नाव. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी आठवू लागलो. नववीला होती माझ्याकडे, तिसऱ्या बाकावर. निबंध 'माझी आई', अर्धा गुण मीच कापलेला.

"आई, ड्रम भरला का वं?"

प्रयागबाईनं ड्रममध्ये डोकावून पाहिलं. मग आमच्याकडे एक नजर टाकली, विशेषतः माझ्याकडे, पदर सावरला आणि एकेक शब्द वेगळा करत, पाठ केल्यासारखं म्हणाली,

"नाही. पाणी, भरत, आहे."

वाक्य अगदी शुद्ध होतं. मी आयुष्यभर त्याला पूर्ण गुण दिले असते. रुपराव पायरीवरून उठला, ड्रमपाशी गेला आणि पाणी काठाला आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं नळ बंद केला. मी खुर्चीत बसून राहिलो, कारण आत जाऊन कामिनीला तोंड दाखवायची माझी हिंमत होत नव्हती.